भिंतीवरच्या गायी

गेल्या वीकांताला गावी गेलो होतो, रत्नागिरीपासून तासाभरावर. काकांनी गोठ्याची खोली केलीय, पर्यटकांसाठी. टाइल्स, एसी, सगळं झकास. आणि पलंगाच्या वर भिंतीवर काय असावं? हिरवंगार कुरण, मागे पवनचक्की, चरणाऱ्या पांढऱ्या-काळ्या गायी! कुठल्याशा डच चित्राची छापील प्रत. पाच वर्षांपूर्वी जिथे आमच्या तांबूची दावण होती, बरोब्बर तिथे.

"पाहुण्यांना गावाकडचं वाटायला हवं ना रे," काका म्हणाले.

आता काकांवर चिडून काय करू? दोन बैल वर्षभर पोसायचे आणि नांगर धरायचा पावसातले चार आठवडे. शिवाय गुरांमागे जायला माणूस मिळत नाही. पॉवर टिलर आला, बैल गेले. हिशोब चोख आहे. माझा राग आहे तो आपल्यावर, पुण्या-मुंबईच्या मंडळींवर. आपल्याला गाव हवं, पण शेणाचा वास नको. गाय हवी, पण फ्रेममधली.

गंमत म्हणजे ज्या डचांची चित्रं आपण टांगतो, ते असे नाजूक नव्हते. पाउलुस पॉटरचा 'बैल' बघा (हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे). १६४७ साली विशीतल्या या पोराने तीन मीटरहून रुंद कॅनव्हासवर राजा नाही, सेनापती नाही, एक जवान बैल रंगवला. जवळजवळ खऱ्या मापाचा. अंगावर माशा आहेत, जमिनीवर शेणाचा पो आहे! जाणकार म्हणतात की त्या बैलाचे अवयव वेगवेगळ्या वयांच्या बैलांचे आहेत, म्हणजे आमच्या भाषेत कॉपी-पेस्ट. चालायचंच. पण शेण त्याने पुसलं नाही.

आणि हे डच आपल्याला काही परके नाहीत. १६३७ मध्ये त्यांनी वेंगुर्ल्याला वखार काढली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद तिथून जायची. १९८१ पर्यंत वेंगुर्लं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. असो.

आपली कोकण कपिला बुटकी, काटक, या पावसाला आणि कातळाला सरावलेली. स्वतंत्र जात म्हणून तिची सरकारदरबारी नोंद आहे. पण कोकणातल्या रिसॉर्टच्या भिंतीवर कुणी बघितलीय का? तिथे माड, होडी, सूर्यास्त. माणूसही नाही आणि ढोरही नाही. सारवलेलं खळं असतं, पण सारवायला शेण कुठून आलं हे विचारायचं नाही.

एक कबुली देतो. काकांच्या खोलीची वेबसाइट मीच बनवलीय. उकिरडा दिसतो म्हणून तीन फोटो मीच कापले होते.

परवा जुन्या हार्ड डिस्कवर तांबूचा फोटो सापडला. शेणाने भरलेले खूर, शेजारी फाटक्या बनियनमधले काका. मोठा करून फ्रेम करतो, ती पवनचक्की उतरवा, असं फोनवर सांगितलं. काका खूश झाले. मग जरा थांबून म्हणाले, "तेवढा मागचा उकिरडा काप हां."

नाही कापणार.