पिल्लालाही गाडी लागते, बरं का!

मैत्रिणींनो, 'गाडी लागणे' हा आपल्या मराठीतला मोठा नेमका शब्दप्रयोग आहे. दृष्ट लागावी, ऊन लागावं, तशी गाडी लागते. म्हणजे दोष माणसाचा नाही, गाडीचा, असं आपली भाषाच सांगते. आपण वागतो मात्र नेमकं उलटं. एसटीत एखादी बाई खिडकीला डोकं टेकून, तोंडाला पदर लावून बसली की मागच्या सीटवरून आवाज येतोच, "सहन होत नाही तर निघायचं कशाला?" घरात माहूरला जायचं ठरलं की कुणीतरी म्हणतं, "हिला राहू द्या घरी, हिला गाडी लागते." आणि ती बिचारी मुकाट्यानं सगळ्यांचे डबे भरून देते.

आता हेच घरातल्या मुक्या लेकराच्या वाट्याला येऊ लागलंय. भोकरसारख्या तालुक्याच्या गावातही दारात चारचाकी आली आणि मुलांच्या हट्टापायी घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. कुणाकडे लॅब्रेडॉर, कुणाकडे पॉमेरियन, तर कुणाकडे गल्लीतूनच उचलून आणलेलं गावठी. तसं कुत्रं पाळणं आपल्याला नवीन नाही. शेतावर, मेंढरांमागं कुत्रं असायचंच. शेजारच्या लातूर जिल्ह्यातली कारवान आणि पश्मी कुत्री तर नावाजलेली. पण ती धन्याच्या मागं चालत जायची, फार तर बैलगाडीच्या सावलीतून. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडा आपणच ओढतो, अशी म्हण आपल्याकडे उगीच नाही. गाडीच्या आत बसून साठच्या वेगानं जाणं, ही त्या जातीच्या पायांना आणि कानांना सर्वस्वी नवी गोष्ट आहे.

आमच्या गल्लीतल्या एका घरचीच गोष्ट सांगते. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू लसीसाठी नांदेडला न्यायला निघाले. भोकरहून नांदेड पन्नासेक किलोमीटर. अर्ध्या वाटेतच पिल्लू लाळ गाळायला लागलं, कुंई कुंई करायला लागलं आणि नव्या सीटकव्हरवर उलटी करून मोकळं झालं. मालकांनी गाडी थांबवून दोन चापट्या लावल्या. पुढच्या वेळी ते गाडी बघूनच थरथरायला लागलं, तर घरात निकाल लागला, "याचं नाटक फार आहे. शेतात नेऊन सोडून द्या." सीटकव्हर धुणारी वहिनीच होती आणि "नका हो सोडू" म्हणणारीसुद्धा तीच. त्या दिवसापासून मला वाटतंय, यावर लिहायला पाहिजे.

कारण हे नाटक नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं एक नाजूक यंत्र असतं. माणसाला असतं तसं कुत्र्यालाही. गाडी वळली, उडाली, थांबली की हे यंत्र मेंदूला कळवतं, "आपण हलतोय." डोळ्यांना मात्र समोरची सीट जागच्या जागी दिसते. दोन निरोप दोन तऱ्हेचे आले की मेंदूचा गोंधळ उडतो आणि तो राग पोटावर निघतो. पिल्लाचं तोल सांभाळायचं यंत्र अजून पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून मोठ्या कुत्र्यापेक्षा पिल्लाला गाडी जास्त लागते. आपल्या लहान लेकरांचंही तसंच नाही का? आणि लेकरांसारखीच बहुतेक पिल्लं वर्षभरात यातून बाहेर येतात.

कानाचा यात हात आहे हे कळलं त्यालाही सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली. अमेरिकेतल्या विल्यम जेम्स या अभ्यासकानं १८८२ मध्ये दाखवून दिलं, की मूकबधिरांपैकी अनेकांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नाही. आणि गाडी लागणं म्हणजे कमजोरी असं ज्यांना वाटतं, त्यांना चार्ल्स डार्विनचं नाव सांगा. १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं तो जहाजावरून जगभर फिरला आणि त्या सगळ्या प्रवासात त्याला बोट लागत राहिली. त्याच अभ्यासातून पुढं त्यानं जगाची विचार करायची तऱ्हा बदलली. गंमत म्हणजे त्या जहाजाचं नाव होतं 'बीगल', आणि बीगल ही कुत्र्याचीच एक जात!

मग करायचं काय? पहिलं म्हणजे ओळखायला शिकायचं. पिल्लू उलटीच्या आधी सांगत असतं. सारखे ओठ चाटणं, जांभया देणं, लाळ गळणं, अस्वस्थ होऊन जागा बदलणं, थरथरणं. ही खूण दिसली की गाडी सावलीला थांबवा, पट्टा लावून पिल्लाला खाली उतरवा, पाच-दहा मिनिटं चालू द्या. निम्मं काम तिथंच होतं.

निघायच्या आधी पोट गच्च भरू नका. आपल्याकडे माया म्हणजे खाऊ घालणं. "लांब जायचंय, पोटभर दूध पिऊ दे" म्हणून वाटी समोर ठेवली जाते. तेच दूध पुढं सीटवर येतं. शेवटचं खाणं निघण्याच्या तीनेक तास आधी द्या. मात्र अगदी छोट्या पिल्लाला दिवसभर उपाशीही ठेवू नका, त्याच्या अंगातली साखर लवकर उतरते. पाणी थोडं थोडं चालतं.

गाडीत वास नको. आपल्याला गाडी लागली की आपण लिंबू हुंगतो, आलेपाक चघळतो. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तिखट. गाडीतला सुगंधी डबा, उदबत्ती, अत्तर, यांनी त्याला उलट जास्त मळमळतं. लिंबाचा वासही बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. त्यापेक्षा काच चार बोटं खाली करा, गार हवा येऊ द्या. खाली घरातलीच जुनी सतरंजी किंवा ओढणी घाला, म्हणजे ओळखीचा वास राहील. मांडीवर मोकळं सोडण्यापेक्षा पिंजऱ्यात नाहीतर पट्ट्यानं बांधून, मागच्या सीटवर तोंड पुढं करून बसवलं तर हिसके कमी बसतात आणि ब्रेक लागला तर इजाही होत नाही.

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे सवय, आणि ती घाईनं होत नाही. आधी दोन-चार दिवस बंद गाडीत नुसतं बसवा, एखादं बिस्कीट द्या, खेळा आणि उतरवा. मग इंजिन सुरू करून बसवा. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. मग स्टेशनपर्यंत. प्रत्येक फेरीच्या शेवटी काहीतरी चांगलं घडलं पाहिजे, शेत, मोकळं मैदान, आवडतं माणूस. आपण काय करतो? पिल्लाला गाडीत घालतो ते फक्त सुई टोचायला. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होतो, गाडी म्हणजे सुई. मग गाडी हलायच्या आधीच, नुसत्या भीतीनं त्याला मळमळतं. अशा वेळी मारलं तर त्या भीतीवर आणखी एक भीती चढते. गेल्या पिढीत पहिल्या दिवशी शाळेत फरफटत नेलेली लेकरं शाळेला किती वर्षं घाबरायची, ते आठवा.

औषधाबद्दल मात्र हात जोडून सांगते, घरच्या डब्यातली गोळी "अर्धी करून" देऊ नका. माणसाची औषधं कुत्र्याला मानवतातच असं नाही. साधी पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरू शकते. कुत्र्याच्या उलटीवर 'मारोपिटंट' नावाचं खास औषध आहे, पण ते द्यायचं का आणि किती, हे पिल्लाचं वय आणि वजन बघून पशुवैद्यकांनीच ठरवायचं. आणि एक फरक लक्षात ठेवा. गाडी लागल्याची उलटी गाडीतून उतरल्यावर थोड्या वेळात थांबते आणि पिल्लू पुन्हा हुंदडायला लागतं. घरी आल्यावरही उलट्या चालूच राहिल्या, पिल्लू निपचित पडलं, जुलाबातून रक्त दिसलं, तर ती गाडी नव्हे. तो पार्व्हो असू शकतो, आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो.

उन्हाळ्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. पिल्लाला बरं वाटत नाही म्हणून "राहू दे गाडीतच, आम्ही दहा मिनिटांत येतो" असं कधीही करू नका. २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी बावीस अंशांनी चढतं, आणि त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या वर पारा असतो. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

कुणी म्हणेल, माणसांचे प्रश्न कमी आहेत का, की कुत्र्याच्या उलटीवर लिहावं? त्यांना मी एवढंच सांगीन, हा माणसांचाच प्रश्न आहे. गाडी लागते म्हणून पिल्लू दवाखान्यात जात नाही. दवाखान्यात जात नाही म्हणून रेबीजची लस राहते. मग कंटाळून ते रस्त्यावर सोडलं जातं, आणि त्याच रस्त्यानं आपली लेकरं शाळेत जातात. एका सीटकव्हरपासून सुरू झालेली गोष्ट कुठवर जाते, बघा. पाळलेलं जनावर विनाकारण सोडून देणं आणि त्याला हाल होतील अशा तऱ्हेनं वाहनातून नेणं, हे दोन्ही १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानं गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात लिहिलेला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आज सीटकव्हर धुऊनही मिळत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकावर हे थांबायचं नाही. ते घरातच थांबवावं लागेल.

आणि घरात म्हणजे कुणी? पिल्लू आणतात मुलं, गाडी चालवतात साहेब, आणि उलटी पुसायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा वळतात आपल्याकडे. मला हे पटत नाही. पुसायचं काम आपल्याकडे आहे, तर बोलायचा हक्कही आपल्याकडे हवा. "गाडी सावकाश चालवा, गतिरोधकावर हळू घ्या, वळणावर दाबू नका," हे स्टिअरिंगवरच्या माणसाला सांगायला लाजू नका. पिल्लाचं पोट आणि आपलं पोट, दोन्ही त्याच्याच हातात असतात. रस्त्यावरचे खड्डे आपल्या हातात नाहीत, वेग आहे.

पुढच्या वेळी गाडीत पिल्लू कण्हायला लागलं, किंवा शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला, तर "काय हे नखरे" म्हणण्याआधी काच खाली करा आणि "जरा थांबा हो" म्हणा. दहा मिनिटं उशीर होईल. पण कुणाला घरी सोडून जावं लागणार नाही, आणि कुणाला शेतातही.