नोकरीचा फलक कोणासाठी?

‘स्टार्टअप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या कंपन्यांतील नोकऱ्यांच्या जाहिराती देणारे फलक आज इंटरनेटवर उदंड आहेत. उणीव फलकांची नाही, त्यांवरील माहितीच्या खरेपणाची आहे. असा फलक उपयुक्त कसा करावा हा प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. वस्तुतः तो मालक आणि नोकरी शोधणारा यांच्यातील विषमतेचा प्रश्न आहे.

जुन्या कारखान्याविषयी गावाला माहिती असते, पगाराचे मान ठाऊक असते, बहुधा युनियनही असते. नव्या कंपनीत दहा-पंधरा माणसे असतात, जागा भाड्याची असते, आणि गुंतवणूकदाराचा पैसा किती महिने पुरेल हे केवळ संस्थापकाला ठाऊक असते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः 20 आणि कर्मचारी राज्य विमा योजना 10 कामगारांपासून लागू होते. म्हणजे अगदी लहान कंपनीतील नोकर अनेकदा दोन्हींच्या बाहेर राहतो. त्यातच 2016 सालच्या ‘स्टार्टअप इंडिया’ कृती आराखड्याने या कंपन्यांना कामगार कायद्यांबाबत स्वयंप्रमाणनाची सवलत दिली. कंपनी मोठी झाली म्हणून धोका टळतो असेही नाही. 2024 च्या आरंभी ‘बायजूज’मधील नोकरांचे पगार रखडले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

शासनाने या क्षेत्रात पूर्वी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे बंधनकारक केले होते. परंतु त्या कार्यालयामार्फतच भरती करण्याचे बंधन त्यात नव्हते, आणि लहान कंपन्या त्याच्या कक्षेबाहेरच होत्या. नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आहे. खाजगी फलकांचे म्हणाल, तर त्यांचा मुख्य पैसा मालकांकडून येतो. ज्याचा पैसा, त्याची सोय, हे ओघानेच आले.

प्रस्तुत लेखक भाषांतराचे काम करतो. या जाहिरातींची भाषा मराठीत आणू गेले की तिचे पोकळपण उघडे पडते. ‘स्पर्धात्मक वेतन’! स्पर्धा कोणाशी, आणि वेतन किती? ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ याचा अर्थ बहुधा एवढाच, की कामाचे तास मोजले जाणार नाहीत.

मग उपयुक्त फलक कसा असावा? पहिली अट, वेतनाची खालची व वरची मर्यादा आकड्यांत लिहिल्याखेरीज जाहिरात स्वीकारू नये. दुसरी, पुढील बारा महिन्यांच्या पगाराची तरतूद आहे किंवा नाही, हे कंपनीने स्पष्ट सांगावे. गुंतवणुकीची रक्कम उघड करण्याची गरज नाही. तिसरी, पगाराऐवजी कंपनीच्या भागांचे आश्वासन असेल, तर ते एकूण भागांच्या किती टक्के, हे लिहावे. नुसत्या ‘हजार भागां’ना अर्थ नाही, आणि कायद्याप्रमाणे पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वी त्यांवर हक्कही येत नाही. चौथी, जागा खरोखर रिकामी असावी, भरल्यावर जाहिरात उतरवावी, आणि मुलाखत दिलेल्यास ठराविक मुदतीत उत्तर द्यावे. पाचवी, निधी व विमा लागू आहेत की नाहीत, हे नमूद करावे. आणि शेवटची, पगार थकविल्याची तक्रार सिद्ध झालेल्या कंपनीची नोंद फलकावर राहावी. पैसे भरून ती पुसता येऊ नये.

एवढी बंधने घातली तर नवे उद्योग भरतीच करणार नाहीत, असा आक्षेप येईल. परंतु यातील बहुतेक अटींना एक पैसाही खर्च नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात 2021 पासून जाहिरातीत वेतन सांगणे सक्तीचे आहे. कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना वेतनाची मर्यादा आणि जागा खरोखर रिकामी आहे की नाही, हे दोन्ही सांगणे भाग पाडले आहे. प्रामाणिक संस्थापकाचाही यात लाभच आहे. आज त्याची जाहिरात आणि लबाडाची जाहिरात सारखीच दिसते.

बडोदे, इंदूर, नागपूर येथील घरांतून मुलेमुली पुण्या-बेंगळूरला जातात. घराची अनामत रक्कम बाप कर्ज काढून भरतो. तिसऱ्या महिन्यात कंपनी बुडाली, तर संस्थापक दुसरी काढू शकतो. कर्ज मात्र बापाच्या डोक्यावर राहते. 2015 पासून केंद्र सरकारची ‘राष्ट्रीय करिअर सेवा’ अस्तित्वात आहे. या अटी तेथे प्रथम लागू कराव्यात, ही मागणी युवक आणि कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे. श्रम विकणाऱ्याला निदान सौद्याच्या अटी तरी आधी कळल्या पाहिजेत.