कोट न घातलेला माणूस

आमच्या परभणीच्या घरात वडिलांचा फोटो आहे. मागे निळा पडदा, अंगात काळा कोट, गळ्यात लाल टाय. वडिलांनी जन्मात कोट घातला नाही. धोतर, नेहरू शर्ट आणि डोक्याला पांढरा रुमाल, हा जिंतूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा वेश त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. ते गेले तेव्हा हार घालायला घरात धड एक फोटो नव्हता. मतदार ओळखपत्र घेऊन मी स्टुडिओत गेलो. तिथल्या पोरानं विचारलं, "काका, कोट टाकू का?" तेरवीची गडबड होती. मी म्हणालो, "टाक."

यंदा दिवाळीला भाची आली. मुंबईच्या एका कला महाविद्यालयात ती फोटोग्राफी शिकते. सत्राचा प्रकल्प होता : विषय आपल्या जगण्यातला हवा आणि फोटोंमागे एक कल्पना हवी. मी लगेच यादी सांगितली. येलदरीचं धरण, चारठाण्याची मंदिरं, गंगाखेडचा गोदाकाठ, तुराबुल हक दर्ग्याचा उरूस. "मामा, हे कॅलेंडर झालं," ती म्हणाली. मग भिंतीपुढे थबकून तिनं विचारलं, "आजोबांना कोट कुणी घातला?"

तिला विषय सापडला होता. आजीला, म्हणजे माझ्या आईला, घेऊन ती गावी गेली, चार दिवस राहिली. घरोघर असेच 'मोठे केलेले' फोटो. कुणाचा चेहरा आधार कार्डावरून उचललेला, डोळे दचकलेले. एका बाईचा फोटो लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी बोटं राहून गेलेली. भाची चौकट टिपायची आणि विचारायची, "खरं काय असायचं त्यांच्याजवळ?" मग पेटीतून रुमाल निघायचा, चंची निघायची, अडकित्ता निघायचा. तोही ती टिपायची. चौकट आणि वस्तू, शेजारी शेजारी. बस, एवढाच प्रकल्प.

मला आधी ते रुचलं नाही. घरातली दुःखं दाखवून मार्क मिळवायचे? तिनं सोहराब हुरा या छायाचित्रकाराचं नाव सांगितलं. आईला स्किझोफ्रेनिया झाल्यावर दोघांचं जे घर उरलं, तेच त्यांनी वर्षानुवर्षं टिपलं. वेंडी इवाल्ड या अमेरिकी शिक्षिकेनं केंटकीच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी पोरांच्या हाती कॅमेरे दिले. स्वतःला टिपा, घरच्यांना टिपा, पडलेली स्वप्नंही टिपा, असं सांगितलं. पोरांनी स्वप्नं अक्षरशः उभी केली. त्याचं पुस्तक १९८५ साली निघालं. पुढे त्या गुजरातेतल्या विछिया गावीही शिकवायला आल्या.

मग मलाच एक गोष्ट दिसू लागली. आपल्या भागातल्या साध्या माणसाचा फोटो बहुधा दुसऱ्याच्या कामासाठी निघाला. परभणी निजामाच्या राज्यात होती, तेव्हा दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. नवाब-सरदार त्यांच्यापुढे ऐटीत बसले. औरंगाबाद जिल्ह्यातली कष्टकरी माणसं त्यांच्या स्टुडिओच्या अल्बमात आली ती दुष्काळी कामांमुळे. १९९३ पासून मतदार ओळखपत्रं आली. २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीतून आधार सुरू झालं. फोटो घराघरात पोचला, पण ओळख पटवण्यापुरता. 'कसा काढू?' हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

शेवटचा फोटो आजीचा काढायचा होता. भाचीनं जागा हेरली होती : पडवीतलं जुनं जातं, वरून तिरपा उजेड. जनाबाईच्या मुलखात जात्याजवळची म्हातारी, याहून सुंदर चित्र कोणतं! आई म्हणाली, "आधी इचारलं का मला? जात्यावर हात झिजले माय, आता फोटोबी तिथंच काढायलीस?" तिनं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी डोकं विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती फ्रिजपुढे उभी राहिली. पगाराच्या पैशांतून हप्त्यानं घेतलेला फ्रिज. आमच्याकडं निराधार योजनेच्या पैशाला बायका 'पगार' म्हणतात. फ्रिजच्या दारावर एक हात ठेवून तिनं थेट कॅमेऱ्यात पाहिलं.

वीस चौकटींच्या त्या प्रकल्पात मला हाच फोटो सगळ्यांत मोठा वाटतो, कारण त्यातली कल्पना शिकणाऱ्या पोरीची नाही, आजीची आहे. भाचीचं श्रेय इतकंच, की तिनं कॅमेरा खाली केला आणि ऐकलं.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल, तर या आठवड्यात त्यांचा एक फोटो काढा. कुठं उभं राहायचं, काय नेसायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि मोबाइलमध्ये ठेवू नका, कागदावर छापून घ्या. नाहीतर एक दिवस स्टुडिओतलं पोर तुम्हालाही विचारील, कोट टाकू का?