सब्जेक्टमध्ये तांदूळ कुठे आहे?

आपल्या होस्टेलवरच्या कुठल्याही पोराचा मेलबॉक्स उघडून बघा. ‘अभिनंदन, तुमची निवड झाली!’, ‘शेवटची संधी!!’, ‘अर्जंट’. आत काय, तर कुठल्यातरी कोर्सची जाहिरात. हे इतक्यांदा झालंय की खऱ्या इंटरव्ह्यूचा मेलसुद्धा पोरं न वाचता डिलीट करतात. आणि आपल्यातलाच कोणी फेस्टचा किंवा वर्कशॉपचा मेल लिहायला बसला की तोही हेच करतो. का, तर म्हणे लोकांनी मेल उघडला पाहिजे! माझं स्पष्ट मत आहे की आत काय आहे ते सांगणं, एवढंच सब्जेक्टचं काम आहे.

नुसता उघडायला लावणारा सब्जेक्टच पाहिजे असेल, तर तो २००० सालीच लिहून झाला. त्या वर्षी मे महिन्यात जगभर एक मेल फिरला, सब्जेक्ट ‘आय लव्ह यू’. सोबत प्रेमपत्राच्या नावाची फाइल. (बाप्पा, कोण नाही उघडणार?) लोकांनी उघडली. व्हायरसने त्यांच्या फाइल्स तर खराब केल्याच, वर त्यांच्याच ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तोच मेल धाडला.

यापेक्षा चांगला गुरू आपल्या भंडाऱ्याकडे आहे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले की झाडीपट्टीच्या नाटकाची गाडी भोंगा लावून गावोगाव फिरते. धानाच्या बांधीत काम करणाऱ्या माणसाच्या कानावर दोनच वाक्यं पडतात, तोवर गाडी पुढे गेलेली असते. त्या दोन वाक्यांत नाटकाचं नाव, गाव, आज रात्री की उद्या, सगळं यावं लागतं. तो बढाई मारतोच, ‘तुफान विनोदी’ वगैरे. पण गाव खोटं सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी तिकीट कोण घेईल?

मेलचंही तसंच. फोनवर सब्जेक्टची सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरंच दिसतात. समजा, घरचा चिन्नोर तांदूळ नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना मेल करून विकायचा आहे. ‘अविश्वसनीय ऑफर, आजच उघडा!’ यात तांदूळ कुठे आहे? त्यापेक्षा लिहा, ‘भंडारा चिन्नोर, एक वर्ष जुना, ५ किलो घरपोच’. जुना की नवा, हे घरात रांधणारं माणूस आधी विचारतं, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. तो एक शब्द दहा उद्गारचिन्हांना भारी आहे. मात्र भंडाऱ्याच्या चिन्नोरला जीआय मानांकन आहे, तेव्हा दुसरीकडचा तांदूळ त्या नावाने खपवायचा नाही.

‘काहून बे, असं साधं लिहिलं तर उघडेल कोण?’ ज्याला तांदूळ पाहिजे तो. बाकीच्यांनी उघडून तुमचं पोतं कमी होणार आहे का? उघडण्याचा आकडा तसाही भरवशाचा राहिलेला नाही. मेलमध्ये लपवलेलं एक बारीक चित्र लोड झालं की ‘उघडला’ अशी नोंद होते. पण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू केली, की ती चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. मग माणसाने मेल बघितला नसला तरी नोंद होते! मोजायच्याच तर ऑर्डरी मोजा.

आणि फसवलेला माणूस ‘स्पॅम’चं बटण दाबतो, ते वेगळंच. जीमेलने २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी तक्रारीची हद्द ठरवली आहे, ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. ती ओलांडली की पुढचे खरे मेलही स्पॅममध्ये जायला लागतात. हजारात तिघेच चिडायला पाहिजेत, आपल्या एका विंगमध्ये सापडतील.

जाता जाता सरांनाही नम्र विनंती. ‘महत्त्वाची सूचना’ हा सब्जेक्ट कृपया बंद करावा. ‘परीक्षा फॉर्म, शेवटचा दिवस शुक्रवार’ इतकं पुरे. आणि मेस बंद असल्याचा मेल तर सब्जेक्टमध्येच संपला पाहिजे. उपाशी पोरगा दुसरी ओळ वाचत नाही.