पहारेकऱ्याची शिदोरी

नागपूरहून दक्षिणेस निघाले, की सुमारे ३० किलोमीटरांवर बुटीबोरी लागते. येथे हमरस्त्याला दोन फाटे फुटतात. एक वर्ध्याकडे वळतो आणि दुसरा हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जातो. या परिसरात मोठी औद्योगिक वसाहत वसली आहे. तेथील कित्येक कारखान्यांत पाळ्या बदलतात, माणसे बदलतात. पण यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. अशा ठिकाणी मान वर करून पाहिल्यास छताला एक लहानशी गोल डबी बसविलेली दिसते. ती प्रकाश देत नाही, वारा देत नाही. वर्षानुवर्षे नुसती गप्प असते. धुराची चाहूल लागताच इशारा देणे, एवढेच तिचे काम. तिला ‘स्मोक अलार्म’ म्हणतात. आपण तिला धूरसूचक म्हणू.

आता हा पहारेकरी शहरांतील काही घरांतही येऊ लागला आहे. त्याची रचना मोठी गमतीची आहे. बंद खोलीत उन्हाचा कवडसा येतो, तेव्हा एरवी न दिसणारे धुळीचे कण त्यात चमकू लागतात, हे तुम्ही पाहिले असेलच. पुष्कळशा धूरसूचकांत हेच तत्त्व योजलेले असते. आतल्या काळोख्या कप्प्यात प्रकाशाचा एक बारीक झोत सोडलेला असतो. कप्प्यात धूर शिरला, की त्याच्या कणांवर आदळून प्रकाश बाजूला विखुरतो, तेथील प्रकाशग्राहकावर पडतो आणि लगेच कर्कश आवाज सुरू होतो.

या आवाजाचे मोल रात्री कळते. माणूस झोपला, की त्याचे नाकही जणू झोपते. धुराच्या वासाने तो जागा होईलच, असे सांगता येत नाही. कान मात्र मोठा आवाज झाल्यास माणसाला उठवतात. आणि आगीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक घातक ठरतो; तो ज्वाळेच्या आधी पोहोचतो आणि श्वास कोंडतो. बुटीबोरीपासून भंडारा काही फार दूर नाही. तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या विशेष कक्षात आग लागली. सात बालकांना बाहेर काढता आले. दहा बालके दगावली. काही भाजून, तर काही धुराने गुदमरून. त्यानंतर राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तपासणी हवीच, पण ती दुर्घटनेनंतर नव्हे, आधी व्हावयास हवी.

म्हणूनच माझे असे स्पष्ट मत आहे, की धूरसूचक विकत आणल्याने घर सुरक्षित होत नाही. त्याची निगा राखल्यानेच ते सुरक्षित होते. कारखान्यातील यंत्र बहुधा तारांनी मुख्य फलकाला जोडलेले असते आणि त्याची देखभाल करणारी माणसे नेमलेली असतात. घरातला पहारेकरी मात्र बहुतेक वेळा एका लहानशा बॅटरीवर जगतो. ती बॅटरी म्हणजे त्याची शिदोरी. शिदोरी संपत आली, की तो थोड्या थोड्या वेळाने ‘टिक्’ असा आवाज करतो. “मला भूक लागली आहे,” असे तो सांगत असतो. आपण काय करतो? त्या आवाजाने त्रासून बॅटरीच काढून ठेवतो! भुकेल्या पहारेकऱ्याला भाकरी देण्याऐवजी त्याचे तोंड बांधण्यासारखेच हे झाले.

कोणी म्हणेल, “मिरचीची फोडणी दिली, की हे यंत्र विनाकारण आरडाओरडा करते, मग बॅटरी काढू नये तर काय करावे?” ही तक्रार खोटी नाही. परंतु दोष यंत्राचा नसतो, जागेचा असतो. चुलीच्या अगदी डोक्यावर ते बसवू नये; तीन मीटर तरी दूर असावे. खिडकी उघडावी, धूर बाहेर जाऊ द्यावा. चुकून भुंकला म्हणून कोणी घरचा कुत्रा हाकलून देत नाही. अमेरिकेत घरोघरी अशी यंत्रे असतात. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेचा अभ्यास सांगतो, की घरांतील आगीत मरण पावणाऱ्या दर पाच माणसांपैकी सुमारे तीन माणसे अशा घरांतील असतात, जेथे धूरसूचक नसतो किंवा असूनही चालत नाही. असून न चालणारा पहारेकरी नसल्यासारखाच!

मोठ्या इमारतींसाठी महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे. त्यानुसार आग प्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यावे लागते. तुमच्या घरात असे प्रमाणपत्र मागायला कोण येणार? मला वाटते, हे काम तुम्हीच अंगावर घ्यावे. महिन्याच्या पहिल्या तारखेला काठीच्या टोकाने यंत्राची कळ दाबून पाहावी. आवाज आला नाही, तर वडीलधाऱ्यांना त्याच दिवशी सांगावे. यंत्रावर बसलेली धूळ व कोळिष्टके मोठ्यांकडून मऊ ब्रशाने काढवून घ्यावीत. बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. स्टुलावर चढून ती बदलण्याचे काम मोठ्यांनीच करावे. ज्या यंत्रांत दहा वर्षे पुरणारी बॅटरी आतच बंद केलेली असते, त्यांत ती बदलावी लागत नाही. मात्र कोणतेही यंत्र दहा वर्षांनी म्हातारे होते. तेव्हा ते काढून नवे बसवावे.

वर्षातून एकदा म्हणजे कधी? याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. पोळ्याला आपण राबणाऱ्या बैलाला न्हाऊ घालतो, पुरणपोळी खाऊ घालतो. खंडेनवमीला आपापली हत्यारे व अवजारे घासूनपुसून त्यांची पूजा करतो. जो आपल्यासाठी झिजतो त्याला विसरू नये, हाच या सणांचा भाव आहे. मग खंडेनवमीला छतावरच्या पहारेकऱ्यालाही नवी शिदोरी का देऊ नये? झेंडूच्या फुलाबरोबर एक नवी बॅटरी, एवढाच काय तो खर्च!

“आमच्या घरी असले यंत्रच नाही,” असे तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील. तरीही हा दिवस तुमच्यासाठी आहेच. स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी पाहा. तिच्यावर मुदत छापलेली असते; साधारण पाच वर्षांनी ती बदलावी लागते. विजेच्या तारेचे वेष्टन कोठे सोलवटले आहे का, तेही पाहा. दोष दिसला, तर हात न लावता मोठ्यांना सांगा.

देशाच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ पासून नागपुरातच आहे. तेथे तयार झालेले अधिकारी कितीही कुशल असोत आणि बंब कितीही वेगाने येवो, आगीची पहिली काही मिनिटे घरातल्या माणसांचीच असतात. ती मिनिटे आपल्याला मिळवून देणारा पहारेकरी उपाशी राहू नये, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे.