लाल डोळा आणि रात्रीचा ठणका : थेंबांवर वेळ काढू नका



डोळा लाल झाला की आपण ‘डोळे आले’ म्हणतो, मेडिकलमधून थेंब आणतो आणि काळा चष्मा लावून कामाला लागतो. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा बहुतेकांचे तेवढ्यावर भागलेही. पण प्रत्येक लाल डोळा साथीचा नसतो. क्वचित तो व्हॅस्क्युलायटिसची पहिली खूण असतो. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या रक्तवाहिन्यांवर उलटते. त्यातल्या जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस) या प्रकारात सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी डोळ्यांचा त्रास होतो.

फरक ओळखा. साथीच्या डोळ्याला चिपडे येतात, खाज सुटते, खुपते. या आजारातला डोळा आतून ठणकतो. कळ कपाळात, कानशिलात, जबड्यात जाते आणि रात्री झोपेतून उठवते. पापणीवरून हलके बोट लावले तरी सहन होत नाही. पांढऱ्या भागावर जांभळट लाली दिसते. बुबुळाच्या कडेला व्रण पडला तर तिथला पडदा झिजून डोळ्याला भोक पडू शकते. नजर धूसर होणे, एकाचे दोन दिसणे, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

तिथे फक्त डोळ्याचे सांगून थांबू नका. नाक सतत चोंदते का, नाकातून रक्ताळलेल्या खपल्या पडतात का, ऐकू कमी येते का, खोकल्यातून रक्त, सांधेदुखी, रेंगाळणारा ताप, पायांवर जांभळे ठिपके, फेसाळ किंवा लालसर लघवी, सगळे सांगा. ‘डोळ्याच्या डॉक्टरांना नाकाचे काय सांगायचे’ हा संकोच महागात पडतो.

डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तर टाळू नका. या आजारात मूत्रपिंड न दुखता निकामी होऊ शकते. लघवीतले रक्त आणि प्रथिने तेवढी आधी चाहूल देतात. सोबत क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे आणि अँका ही रक्ततपासणी होते. अँका निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच, असे नसते. फुफ्फुसातले डाग टीबीसारखे दिसू शकतात, म्हणून टीबी आहे की नाही याचीही खात्री करावी लागते.

मेडिकल दुकानदारांना कळकळीची विनंती : स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नका. लाली उतरते, आतला आजार चालूच राहतो. जंतूंचा व्रण असेल तर चिघळतो, डोळ्याचा दाब वाढतो.

ज्यांचे उपचार सुरू आहेत त्यांनी बरे वाटले म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. आजार उलटू शकतो, म्हणून संधिवाततज्ज्ञांची तारीख चुकवू नका.

औषधे नव्हती तेव्हा जीपीएचे बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. आज स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, रिटुक्सिमॅब यांनी बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो. मात्र गेलेली नजर आणि गेलेले मूत्रपिंड सहसा परत मिळत नाही. घरात कोणाचा लाल डोळा रात्री ठणकत असेल, तर उद्यावर ढकलू नका. आजच दाखवा आणि लघवीही तपासून घ्या.