आधी मिस्तरी, मग गाडी

वाटूर फाट्यावर उभं राहिलं की दोन रस्ते दिसतात. एक जालन्याहून येतो आणि मंठ्यावरून जिंतूर, परभणीकडे निघून जातो. दुसरा परतूरकडे वळतो. हंगामात या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कापसाने फुगलेले टेम्पो असतात, मोसंबीचे क्रेट रचलेल्या पिकअप आणि मधूनच धूळ उडवत जाणारी एसटी. अशा गर्दीतून वीस वर्षांची जुनी, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी स्पोर्ट्स गाडी कोणी रोज चालवणार म्हटलं, तर फाट्यावरचा चहावालाही हसेल.

पण फाट्यावर जरा रेंगाळलं तर यात हसण्यासारखं फार काही नाही, हे लक्षात येतं. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून, शेपटीसारखा निळसर धूर सोडत जाणारी आरएक्स १०० ही दुसरं काय आहे? १९८५ साली आलेली, ९८ सीसीची, अकरा अश्वशक्तीची, टू-स्ट्रोक इंजिनची ही यामाहा १९९६ मध्ये बंद झाली. तिच्या काळातली ती स्पोर्ट्स गाडीच होती. अॅक्सिलेटर पिळला की पुढचं चाक उचलायची. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी तिला ‘क्लासिक’ म्हणायला सुरुवात केली आणि तिचे भाव चढले. मराठवाड्यात मात्र ती कधी शोभेची झालीच नाही. ती डेअरीला जात राहिली, कारण तिचा कार्बोरेटर खोलून फुंकर मारून परत बसवणारा माणूस प्रत्येक फाट्यावर होता.

जुनी गाडी रोजच्या वापराला घ्यावी का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. गाडीचं वय किती, यापेक्षा तिचं इंजिन ओळखणारा माणूस किती किलोमीटरवर बसतो, हे जास्त महत्त्वाचं. हौशी लोक नेमकं उलटं करतात. आधी फोटोवर भाळतात, उसनेपासने करून गाडी आणतात आणि ती पहिल्यांदा बंद पडल्यावर मिस्तरी शोधायला निघतात.

चारचाकीत हा हिशेब अवघड होतो, कारण अस्सल स्पोर्ट्स कार भारतात फारशा बनल्याच नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची छोटी गाडी आली होती. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. मोजक्याच गाड्या रस्त्यावर आल्या. आज तिचा पुढचा बंपर तडकला तर तो कुठून आणायचा, हा प्रश्न मालकाला रात्री झोपू देणार नाही. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा १९८४ पासून २००२ पर्यंत बनली. तिचं लांबलचक बोनेट पाहून अजूनही माना वळतात. पण बॉडीचे पत्रे, काचा, दरवाजांची रबरं मिळवायची म्हणजे भंगार बाजारात पायपीट. रोजच्या गाडीसाठी एवढी भटकंती परवडत नाही.

मग वाटूरच्या माणसाने बघावं कुठे? फार लांब नाही. जालना गाठून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की शंभरेक किलोमीटरच्या टप्प्यात शेंद्रा एमआयडीसी येते. स्कोडाने २००१ मध्ये इथे ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. २००४ साली तिचीच तापट बहीण आली, ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, वर टर्बो आणि दीडशे अश्वशक्ती. त्या काळी गावोगाव दिसणाऱ्या मारुती ८०० ची ताकद सदतीस होती, यावरून अंदाज यावा. शिवाय ही गाडी दिसायला सेडान, पण डिकी उघडली की मागची काच दारासकट वर जाते. खताच्या गोण्या आडव्या टाकायला एवढी जागा असलेली स्पोर्ट्स गाडी दुसरी शोधून दाखवावी!

थट्टा सोडली, तरी रोजच्या वापरासाठी तिची बाजू भक्कम आहे. याच घराण्याचं १.८ टर्बो इंजिन आउडीच्या आणि फोक्सवॅगनच्या कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळे सुटे भाग जगभर बनतात आणि आपल्याकडेही येतात. एबीएस आहे, एअरबॅग आहे, एसी मे महिन्यातही गार करतो. कॉम्प्युटर लावला की बिघाडाचा कोड स्क्रीनवर दिसतो. आणि ज्या कारखान्यात ती जोडली गेली त्याच्या आसपास तिची नस ओळखणारे हात असण्याची शक्यता इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त.

पण तिच्या पोटात एक वस्तू आहे, जिच्याकडे दुर्लक्ष झालं तर सगळा सौदा पाण्यात जातो. ती म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिनच्या एका बाजूला प्लास्टिकच्या आवरणाआड, साधारण अंगठ्याएवढ्या रुंदीचा, आतून दातेरी असा रबराचा पट्टा. खालच्या क्रँकशाफ्टची चाल वरच्या कॅमशाफ्टला पोचवायचं काम त्याच्याकडे. त्या एका ठेक्यावर पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह वाटेतून बाजूला झालेले असतात. पट्टा तुटला की ठेका चुकतो, पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि एका क्षणात इंजिन उघडायची वेळ येते. मीटरवर किलोमीटर कमी आहेत म्हणून निर्धास्त राहावं, तर रबर धावल्याने झिजतं तसंच नुसत्या वयानेही कडक होतं. म्हणून बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप एकदमच बदलायचे असतात. टर्बोचंही एक पथ्य आहे. हायवेवर दामटून आल्यावर फाट्यावर चहाला थांबलं, तर किल्ली लगेच फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. नाहीतर टर्बोमधलं तापलेलं ऑइल जागच्या जागी करपतं.

दुसऱ्या टोकाला प्रीमियर पद्मिनी. ती स्पोर्ट्स कार नव्हे, हे मान्य. पण जुनी गाडी रोज राबू शकते याचा तिच्याइतका मोठा पुरावा महाराष्ट्रात नाही. फियाट ११००डी च्या साच्यावर कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची ही गाडी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दशकानुदशकं दिवसरात्र पळाली. शेवटची टॅक्सी थांबली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, तीही वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. आज हौसेने पद्मिनी घेणाऱ्याला एप्रिल-मेमध्ये एक जुना खेळ शिकावा लागतो. दुपारी चढावर गाडी आचके देते आणि बंद पडते. बोनेट उघडलं तर सगळं जागेवर. झालेलं असं असतं, की इंजिनला चिकटून बसलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. उपाय बाटलीभर पाणी आणि एक फडकं. ओलं फडकं पंपाला गुंडाळायचं, दहा मिनिटं लिंबाच्या सावलीत बसायचं, पुन्हा स्टार्टर. गंमत म्हणून हे छान आहे. सकाळी आठला मुलांची परीक्षा असलेल्या घरासाठी नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एअरबॅगचा पत्ता नाही, अशी गाडी घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वाहतुकीत घुसणं तर निव्वळ दुःसाहस.

आता कायदा. इथे तक्रार करण्यासारखं बरंच आहे.

२०२१ च्या जुलैत केंद्राने जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. पहिल्या नोंदणीचं शुल्क वीस हजार. ऐकायला मानाचं वाटतं, पण पुढची अट वाचल्यावर हुरूप ओसरतो: ही गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर पडायची. म्हणजे सरकारच्या लेखी जुनी गाडी ही देव्हाऱ्यातली वस्तू. वर्षातून एकदा मिरवणूक, बाकी दिवस आत. ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने व्हीएच्या नादी न लागता साधी एमएच-२१ ची नोंदणी टिकवलेलीच बरी.

आणि साधी नोंदणी टिकवणं दिवसेंदिवस महाग होत चाललं आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. चारचाकीसाठी त्याचं शुल्क पूर्वी सहाशे रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. बीएस-४ च्या आधीच्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी, नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. जुनी गाडी जास्त धूर सोडते, तेव्हा तिच्याकडून जास्त घ्यावं हे कोणीही मान्य करेल. पण मग मोजावा तो धूर. आज शुल्क ठरतं ते जन्मतारखेवर. इंजिनाची नीट निगा राखणाऱ्या मालकाला जो आकडा, तोच रस्त्यात काळा ढग सोडणाऱ्याला. वीस आणि पन्नास वर्षांच्या मधल्या गाड्यांसाठी तपासणीच्या निकालावर ठरणारं शुल्क ठेवायला काय हरकत आहे? कडक तपासणी घ्या, ब्रेक तपासा, धूर तपासा. जी पास होईल तिला वयाचा दंड नको.

पेट्रोलचाही एक पेच आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शेतकऱ्याच्या उसाला आणि मक्याला त्यातून गिऱ्हाईक मिळालं, हे वाटूरच्या माणसाला सांगायला नको. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं उतरतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट फुगवतं. यावर गॅरेजमधला उपाय सोपा आहे, इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालून घ्यायच्या. आणि इथेच रोज चालवण्याचा फायदा दिसतो. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओल साचते, कार्बोरेटरमध्ये राळ धरते, बॅटरी बसते, ब्रेक जाम होतात आणि गावाकडे तर उंदीर वायरिंगवर ताव मारतात. आठवड्याला टाकी रिकामी करणाऱ्या गाडीला यातलं फारसं काही होत नाही. कायद्याने ज्या गाड्यांना घरी बसवलं, त्याच जास्त बिघडतात.

जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्या दिवसरात्र पेटलेल्या असतात. भंगार वितळवून तिथे सळई होते. सरकारी धोरणाचा कलही गेली काही वर्षं त्याच दिशेला आहे, गाडी मोडीत काढणाऱ्याला नव्या गाडीच्या करात सवलत. खंगलेल्या गाड्यांनी त्या भट्टीत जावंच. पण चालू इंजिनाची, गंज न लागलेली आरएस केवळ वीस वर्षांची झाली म्हणून तिकडे ढकलणं हा चांगल्या लोखंडाचा आणि त्याहून चांगल्या कारागिरीचा नास आहे.

ज्याला अजूनही घ्यायचीच आहे, त्याने जालन्यात किंवा संभाजीनगरात आधी मिस्तरी गाठावा, त्याच्याशी दोन महिने ओळख वाढवावी आणि गाडी बघायला त्यालाच सोबत न्यावं. मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवावं की सकाळी आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर मिस्तरीला ऐकू-दिसू द्यावा. निळा धूर आला तर परतीची एसटी किती वाजता आहे ते बघावं. नाही आला, तर टायमिंग बेल्टची पावती मागावी. ती नसेल तर नव्या बेल्टचा, टेन्शनरचा आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करून मगच आकडा सांगावा.